कलम नऊला स्थगिती

परिपत्रक आलं तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि पूर्णगडच्या समोर, किनाऱ्यापासून दहा-अकरा मैलांवर, सव्वीस बोटी मासेमारीत गुंतल्या होत्या.

रत्नागिरीच्या सागरी सूचना कक्षात त्या वेळी तिघंच होते. कक्षप्रमुख महिपत सुर्वे, यंत्रणा बनवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर दीपक, आणि मंजुरी अधिकारी योगिनी पिलणकर. सुर्वेसाहेबांनी परिपत्रक आधी मनात वाचलं, मग मोठ्यानं वाचलं.

"सदर शासन निर्णयातील कलम नऊ यास पुढील आदेशापर्यंत स्थगिती देण्यात येत आहे." त्यांनी चष्मा काढला. "सुटलात मॅडम तुम्ही. आजपासून तुमच्या मंजुरीची गरज नाही."

योगिनीनं खुर्ची पडद्याजवळ ओढली. समोरच्या पडद्यावर जिल्ह्याचा सगळा समुद्र दिसत होता, आणि त्यावर अठ्ठावन्न हिरवे ठिपके. सव्वीस दक्षिणेला, बत्तीस वर जयगडच्या बाजूला. एकेक ठिपका म्हणजे एकेक बोट, आणि एकेका बोटीवर सात-आठ माणसं.

'दर्यासाथी' ही कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रणा मार्चमध्ये सुरू झाली. वारा, लाटा, बोटीचा वेग, बंदराचं अंतर, सगळं ती क्षणात जमवायची आणि प्रत्येक बोटीवरच्या डबीएवढ्या यंत्रातून शुद्ध मराठीत बोलायची : अमुक वाजता वारा उठेल, तमुक बंदरात जा. सुरुवातीला बोटी चालवणारे तांडेल हसले. मग एप्रिलमधल्या एका वावटळीत तिनं अकरा बोटी वेळेवर आत आणल्या आणि हसणं थांबलं. आता ती बोलली की बोटी वळायच्या.

म्हणूनच शासन निर्णयात कलम नऊ होतं. ज्या यंत्रणेच्या शब्दावर माणसाचा जीव अवलंबून आहे, तिचा शब्द जबाबदार अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय बाहेर जाणार नाही. त्या अधिकाऱ्याला ती यंत्रणा कधीही थांबवता येईल आणि त्या क्षणी त्याला कोणी कारण विचारणार नाही. रत्नागिरीत ती अधिकारी योगिनी होती. बंदीचे पावसाळी महिने सोडले तर पाच महिन्यांत तिनं तीनशे बारा सूचना मंजूर केल्या होत्या आणि नऊ अडवल्या होत्या. नवांपैकी दोनदा ती बरोबर निघाली. सातदा यंत्रणाच बरोबर होती. त्या सातांपैकी एकदा तर बोटी विनाकारण दोन तास भरकटल्या, आणि मिरकरवाड्याच्या जेटीवर एका तांडेलानं तिला सगळ्यांदेखत सुनावलं होतं, "खुर्चीत बसून दर्या कळत नाय बाय."

स्थगितीलाही कारण होतं, हे तिला ठाऊक होतं. दुसऱ्या एका जिल्ह्यात मंजुरी द्यायला अधिकाऱ्यानं अठरा मिनिटं लावली. तेवढ्यात एक बोट खडकावर गेली. चार माणसं गेली. वर्तमानपत्रांनी लिहिलं, यंत्राला कळलं होतं, माणूस आडवा आला. त्यानंतर हे परिपत्रक येणार अशी कुणकुण दिवाळीच्या कितीतरी आधीपासून लागली होतीच.

दीपकनं दहा मिनिटांत मंजुरीची पायरी काढून टाकली. "झालं. आता थेट जाईल."

"आणि हे?" योगिनीनं तिच्या पडद्याच्या कोपऱ्यातल्या लाल चौकोनाकडे बोट दाखवलं. त्यावर लिहिलं होतं, 'थांबवा'.

"ते मुंबईहून काढतील. त्याला वेगळी सूचना लागते." दीपक म्हणाला. "आता ते तसं नुसतं नावालाच आहे."

सुर्वेसाहेबांनी चहा सांगितला. योगिनीला उठून घरी जाता आलं असतं, पण ती बसून राहिली. सकाळपासून अरबी समुद्रात गोव्याच्या पश्चिमेला कमी दाबाचा पट्टा होता. हवामान खात्याचा अंदाज संध्याकाळचा होता.

अकरा अडतीसला यंत्रणेनं अंदाज बदलला. पट्ट्याचा वेग वाढला होता. दक्षिणेचा वारा संध्याकाळी नव्हे, दीड ते दोनच्या दरम्यान येणार होता. आणि त्याच क्षणी, कोणाला न विचारता, दक्षिणेकडच्या सव्वीस बोटींवर एकाच वेळी तो ओळखीचा आवाज घुमला : जाळी उचला. पूर्णगड खाडीत आश्रय घ्या. पोहोचण्याची वेळ एक ते सव्वा.

योगिनीनं ही ओळ पाठवली गेल्यानंतर वाचली. पाच महिन्यांत पहिल्यांदाच असं झालं.

पूर्णगड. मिरकरवाडा लांब पडत होता, वारा उठायच्या आत तिथं कोणी पोहोचणार नव्हतं. दक्षिणेला जायचं तर वाऱ्याच्या तोंडात जायचं. जवळची खाडी पूर्णगडचीच. हिशोब चोख होता. पण वेळ तिला खटकली. तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. नवमी. तिचे वडील गंगाराम तांडेल यांनी तिला लहानपणीच शिकवलं होतं, तिथीची पाऊणपट कर, भरतीची वेळ मिळते. नवाची पाऊणपट पावणेसात. भरती पावणेसातला, म्हणजे पुरी ओहोटी एकच्या आसपास. सव्वीस बोटी पूर्णगडच्या मुखाशी नेमक्या ओहोटीलाच पोहोचणार होत्या.

"दीपक, मुखाशी पाणी किती धरलंय यानं?"

दीपकनं पाहिलं. "ओहोटीला तीन पॉइंट एक मीटर. बोटींना दोन लागतं. मॅडम, भरती-ओहोटी त्याला कळते. भांगाचे दिवस आहेत, पाणी फार उतरत नाही."

"ते तीन मीटर कुठून आले?"

"खोलीच्या सर्व्हेमधून."

"कधीच्या?"

त्यानं तारीख शोधली. "फेब्रुवारीच्या."

फेब्रुवारीनंतर अख्खा पावसाळा गेला होता. जुलैमध्ये मुचकुंदी नदीला आठ दिवस पूर होता. नदीनं आणलेली वाळू मुखाशीच बसते, तिची आडवी दांडी होते, हे किनाऱ्यावर कोणालाही विचारलं तरी सांगेल. किती बसते ते मात्र दरवर्षी वेगळं. तिनं फोन उचलला.

लवू पावसकर पूर्णगडला अगदी मुखाजवळ राहायचा. सत्तरीचा माणूस, आता समुद्रात जात नव्हता, ओट्यावर बसून जाळी विणायचा. मंजुरीच्या कामासाठी योगिनीनं किनाऱ्यावरच्या अशा दहा-बारा माणसांची ओळख धरून ठेवली होती.

"लवूकाका, योगिनी बोलतेय. दांडीवर पाणी कसं आहे?"

"आता काय बघतंस दांडीवर? सुकती लागलीय, पाणी उतरतंय."

"मला आत्ता पाहिजे. जरा जाऊन बघाल? पळत जा काका."

"पळायचं वय हाय काय गो माजं?" म्हातारा कुरकुरला, पण तिच्या आवाजातलं त्याला कळलं असावं, कारण फोन न ठेवताच तो निघाला. कानाशी नुसता वारा आणि त्याचा श्वास. आठ मिनिटं. त्या आठ मिनिटांत पडद्यावरचे सव्वीस ठिपके एक-एक करून किनाऱ्याकडे वळले.

"बाय, ऐकतंस काय?" लवूकाका धापा टाकत होता. "लाटांच्या मोडी फुटतायत दांडीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मधी वाट नाय. गणपतीनंतर वाळू अशी चढलीय की परवा होडी टेकली माज्या पुतण्याची. होडी गो, ट्रॉलर नाय."

"एक वाजता मोठी बोट आत येईल?"

"येईल. आडवी होऊन येईल."

तिनं फोन टेबलावर ठेवला आणि सुर्वेसाहेबांकडे वळून जे ऐकलं ते एका दमात सांगितलं.

सुर्वेसाहेब वाईट माणूस नव्हते. बत्तीस वर्षं नोकरी झाली होती, दोन वर्षं उरली होती. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि मग ज्या प्रश्नाची तिला भीती होती तोच विचारला. "तुमच्या मागच्या नऊपैकी सात चुकल्या होत्या. बरोबर?"

"बरोबर."

"एका म्हाताऱ्याच्या नजरेवर तुम्ही सव्वीस बोटींना सांगणार, आत जाऊ नका. मग जायचं कुठे?"

"मिरकरवाडा. आत्ता वळल्या तर सव्वादोन-अडीचपर्यंत येतील."

"आणि वारा दीडला."

"वारा पाठीमागून असेल साहेब. शेवटचा तासभर वाईट जाईल. पण दांडीवर सव्वीस बोटी एकीवर एक चढल्या तर..."  पुढचं बोलायची गरज नव्हती.

दीपक मान खाली घालून बसला होता. तो म्हणाला, "यंत्रणा एक्क्याण्णव टक्के खात्री दाखवतेय. पण खात्री त्या तीन मीटरवर उभी आहे. तीन मीटर खोटे असतील तर एक्क्याण्णवला अर्थ नाही."

"तुम्हाला खोली बदलता येईल?"

"इथून नाही. मुख्य सर्व्हरवरून करावी लागेल. विनंती टाकतो, पण तासभर तरी लागेल."

सुर्वेसाहेबांनी मंत्रालयात फोन लावला. साहेब बैठकीत होते. दुसरा नंबर लावला, तिथं कोणी उचलला नाही. तिसऱ्यावर एका सहायकानं सांगितलं, "स्थगिती आली आहे ना? मग मंजुरी अधिकाऱ्याचा यात संबंध येत नाही. लेखी पाठवा." सुर्वेसाहेबांनी फोन हळूच खाली ठेवला.

"मॅडम, मी तुम्हाला हो म्हणू शकत नाही," ते म्हणाले. "तुम्हाला अधिकारच राहिलेला नाही. अकरा दहापासून."

"आणि नाही म्हणता?"

त्यांनी चष्मा पुसायला घेतला. खिडकीबाहेर आकाश अजून निळं होतं, आणि माडाच्या झावळ्या एकदम स्थिर होत्या.

डबी पूर्णगड सांगत राहिली असती तर वायरलेसवर तिचं कोणी ऐकलं नसतं. पण 'थांबवा' दाबलं की फक्त पूर्णगडची सूचना थांबत नव्हती. तो चौकोन अख्ख्या जिल्ह्याचा होता. वरच्या बत्तीस बोटींना यंत्रणा जयगडमध्ये नेत होती, अगदी बरोबर नेत होती. त्याही क्षणात आंधळ्या झाल्या असत्या. योगिनीनं दीपकला विचारलं, "बत्तीस तांडेलांचे फोन आहेत तुमच्याकडे?"

"आहेत."

"यंत्रणा त्यांना आत्ता जे सांगतेय ते तुम्ही माणसाच्या तोंडानं सांगू शकाल? एकेकाला फोन करून?"

दीपकनं एकदा सुर्वेसाहेबांकडे पाहिलं. कंपनीच्या माणसानं स्वतःच्या यंत्रणेच्या जागी फोन करत बसायचं! मग त्यानं यादीचा कागद छापायला टाकला. "सांगतो."

बारा वाजून दोन मिनिटांनी योगिनीनं लाल चौकोनावर बोट ठेवलं. पडद्यानं विचारलं, खात्री आहे? तिला खात्री नव्हती. तिनं 'हो' दाबलं. अठ्ठावन्न ठिपके हिरव्याचे करडे झाले आणि खोलीत एकाएकी फार शांत वाटलं.

तिनं वायरलेसचा माईक ओढला.

"सर्व बोटी, सर्व बोटी. पूर्णगडसमोरच्या सर्व बोटींना. पूर्णगड खाडीत जाऊ नका. मुखावर मोडी फुटतायत, पाणी नाही. मिरकरवाड्याकडे वळा. पुन्हा सांगते, पूर्णगडमध्ये शिरू नका."

नुसती खरखर. तिनं पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितल्यावर एक घोगरा आवाज आला.

"कालिकामाता बोटीवरून केरू बोलतोय. कोण हाय तिकडं?"

"सूचना कक्षातून योगिनी पिलणकर."

"गंगाराम तांडेलाची पोर काय गो?"

"हो, केरूदादा."

"मशीन आता सांगून गेली, पूर्णगडात जा. तू सांगतंस, जाऊ नको. डबी आता गप झाली माजी. हा काय खेळ मांडलाय? कोणाचं मानायचं?"

"दादा, मशीनकडे दांडीचं माप फेब्रुवारीचं आहे. लवू पावसकर आत्ता दांडीवर उभे राहून बघतायत. मधली वाट बुजली आहे."

पुन्हा खरखर. मग केरूनं विचारलं, "सरकारचा हुकूम हाय काय हा?"

सुर्वेसाहेबांनी मान वर केली. योगिनीच्या मनात आलं, नुसतं हो म्हणायचं. एक अक्षर. हो म्हटलं तर तो वळेल, आणि तो वळला की बाकीचे वळतील, कारण त्या पट्ट्यात केरूचा शब्द चालायचा. 

"नाही," ती म्हणाली. "हुकूम नाही. मला आता अधिकार नाही. मी माझ्या जबाबदारीवर सांगतेय."

त्यानंतरचं अर्धं मिनिट तिला आयुष्यभर आठवणार होतं. अशा वेळी माणूस देवाचं नाव घेतो. तिला नावच आठवेना.

"वारा कवा?" केरूनं विचारलं.

"दीड ते दोन. दक्षिणेचा. शेवटचा तासभर तुम्ही त्यात सापडाल."

"म्हंजे तू आमाला वाऱ्यात पाठवतंस."

"हो."

"बरं," केरू म्हणाला. आणि मग माईक न सोडताच तो त्याच्या पद्धतीनं गर्जला, "ऐकलंत काय रे सगळ्यांनी? सुकाणू उत्तरेला! जाळी राहिली तर कापा!"

पडद्यावर करडे ठिपके काही वेळ तसेच सरकत राहिले. मग एक वळला. मग तीन. मग एक-एक करत पंचवीस. शेवटचा ठिपका वळला नाही. 'सागरलक्ष्मी'. योगिनीनं अकरा वेळा हाक मारली. तिच्या तांडेलाचा फोनही लागला नाही. नंतर कळलं, बोटीचा वायरलेस आदल्या दिवशीपासून बंद होता. यंत्रणेनं दिलेली शेवटची सूचना घेऊन ती सरळ पूर्णगडकडे चालली होती. योगिनीनं लवूकाकाला फोन केला. "एक बोट येतेय काका. माणसं गोळा करा. दोर घ्या, टायर घ्या, जे मिळेल ते."

पलीकडच्या टेबलाशी दीपक एकेका तांडेलाला सांगत होता, "जयगड, दादा, जयगड. हो, मी माणूसच बोलतोय." आणि मग योगिनीनं पाहिलं, यादीचा अर्धा कागद सुर्वेसाहेबांनी फाडून घेतला होता आणि तेही फोनवर होते.

वारा एक चाळीसला आला. आधी झावळ्या उलट्या झाल्या, मग खिडकीचं दार दाणकन आपटलं. तोवर जयगडच्या बत्तीसही बोटी आत होत्या. त्याआधीच, एक वाजून बारा मिनिटांनी, 'सागरलक्ष्मी' पूर्णगडच्या दांडीवर चढली होती. पहिल्या मोडीनं तिचा पुढचा नाळ उचलला, दुसरीनं तिला आडवं केलं, तिसरीनं केबिन फोडली. लवूकाकाच्या वाडीतली वीस माणसं कमरेपर्यंत पाण्यात उतरली होती. सातही खलाशी दोराला धरून बाहेर आले. बोटीची फळीसुद्धा शाबूत राहिली नाही.

फोनवर हे ऐकलं तेव्हा सुर्वेसाहेब खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, "सव्वीस असत्या तर..." योगिनीनं ऐकलंच नाही. तिचं लक्ष पंचवीस ठिपक्यांवर होतं. ते मिरकरवाड्यापासून अजून सहा मैल दूर होते आणि मागून येणाऱ्या लाटा, केरूच्या शब्दांत, घराएवढ्या झाल्या होत्या.

अडीचला पहिली बोट बांधाच्या आत आली. मग दोन-दोन, तीन-तीन. तीनपर्यंत पंचविसावी आत आली आणि जेटीवरून फोन आला. बोटी सगळ्या आल्या होत्या. 'नवलाई'वरचा एक माणूस नव्हता. मिरकरवाड्याचा बांध दिसायला लागल्यावर मागून एक लाट चढली, त्यात तो गेला. विठू भाटकर, वय सव्वीस. त्याचं शरीर तिसऱ्या दिवशी मिऱ्याच्या खडकांत मिळालं.

पाचव्या दिवशी योगिनी त्याच्या घरी गेली. सुर्वेसाहेबांनी जाऊ नका म्हणून सांगितलं होतं, चौकशी लागली होती, घरचे लोक काय बोलतील सांगता येत नव्हतं. ती एकटीच गेली. पडवीत विठूची आई आनंदीबाई भिंतीला टेकून बसली होती. शेजारच्या बायका योगिनीकडे बघत एकेक करून आत गेल्या.

"तू काय ती वायरलेसवरची?" आनंदीबाईनं विचारलं.

"हो."

"तू सांगितलंस म्हणून बोट वळली?"

"हो. मीच सांगितलं."

"पूर्णगडात गेले ते सगळे वाचले म्हणतात."

"सातही वाचले."

आनंदीबाईनं नजर अंगणात लावली. योगिनी येताना वाटेत अनेक गोष्टी ठरवून आली होती. एकच बोट होती म्हणून वाचले, वीस माणसं एका बोटीला पुरली, सव्वीसांना पुरली नसती. त्या सगळ्या खऱ्या होत्या आणि त्यातली एकही तिच्यानं उच्चारवेना.

"केरू सांगून गेला," आनंदीबाई शेवटी म्हणाली. "तुला खोटं बोलता आलं असतं, तरी तू बोलली नाहीस. वाऱ्यात पाठवतेय असं सांगितलंस." तिनं पदरानं तोंड पुसलं. "माज्या पोराला कोणी फसवून नाय पाठवलं, एवढंच. बाकी मला तुज्याकडून काय ऐकायचं नाय. जा तू."

योगिनी उठली आणि निघाली.

चौकशीच्या आदल्या संध्याकाळी सुर्वेसाहेबांनी तिला थांबवून घेतलं. केबिनचं दार लावलं आणि एक कागद तिच्यापुढे सरकवला. परिपत्रकाची आवक नोंद. वेळेची जागा कोरी होती.

"हे परिपत्रक ईमेलनं आलं, पण नोंदवहीत मी घेतो तेव्हा ते पोचलं असं धरतात," ते हळू आवाजात म्हणाले. "साडेबाराला नोंदलं असं मी लिहितो. म्हणजे बारा दोनला कलम नऊ लागू होतं. तुम्ही अधिकारात होतात. प्रश्नच मिटला."

"तुम्ही अडकाल साहेब."

"दोन वर्षं राहिलीत माझी. मी बघून घेईन." त्यांनी कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "त्या दिवशी मी तुम्हाला हो म्हणायला पाहिजे होतं. म्हटलं नाही. हे तरी करू द्या."

तिला रडू आलं. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. कागद तिनं परत सरकवला.

"साडेबारा लिहिलं तर काय होईल माहितीय? सगळे म्हणतील, नियम होता, नियमानं काम झालं, छान झालं. आणि स्थगिती तशीच राहील. कारण स्थगितीमुळे काही बिघडलंच नाही असं कागद सांगेल. पुढच्या वेळी लाल चौकोनही नसेल, आणि तिथं बसायला माणूसही नसेल."

"आणि खरं लिहिलं तर तुमची नोकरी जाईल."

"जाईल कदाचित."

सुर्वेसाहेबांनी पेन उचललं, बराच वेळ धरून ठेवलं, आणि वेळेच्या जागी लिहिलं, अकरा दहा.

चौकशी समितीत तिघं होते. अध्यक्ष मुंबईहून आलेल्या एक निवृत्त सचिव. त्यांनी दोन तास एकही शब्द वाया घालवला नाही.

"परिपत्रक तुम्ही कधी वाचलंत?"

"अकरा दहाला. साहेबांनी मोठ्यानं वाचलं."

"अर्थ कळला होता?"

"कळला होता."

"तरी बारा दोनला तुम्ही शासनाची यंत्रणा बंद केलीत. कोणत्या अधिकारानं?"

"कोणत्याच नाही."

शेजारचे सदस्य लिहिता लिहिता थांबले. अध्यक्षांनी पुढचा कागद उलटला. "यंत्रणेचं ऐकलेल्या बोटीवर सगळे वाचले. तुमचं ऐकलेल्या बोटीवर एक तरुण गेला. यावर काय म्हणणं आहे?"

"ते खरं आहे," योगिनी म्हणाली. "तो माझ्या सांगण्यावरून त्या वाटेनं आला होता. ते मी कोणावर ढकलणार नाही. माझं एवढंच म्हणणं आहे की मला ते विचारायला तुम्ही समोर बसला आहात. यंत्रणेनं सव्वीस बोटी दांडीवर घातल्या असत्या, तर तुम्ही या खुर्चीत कोणाला बसवलं असतं?"

 अध्यक्ष दीपककडे वळल्या आणि फेब्रुवारीच्या सर्व्हेविषयी विचारू लागल्या. दीपकनं कंपनीनं तयार करून दिलेलं निवेदन घडी करून खिशात ठेवलं आणि जसं होतं तसं सांगितलं.

योगिनीला तीन महिने निलंबित ठेवलं. निकाल आला तो सक्त ताकीद आणि देवरुखला बदली, असा. समितीच्या अहवालानंतर चाळिसाव्या दिवशी स्थगिती उठली. कलम नऊ परत आलं, थोडं बदलून : मंजुरीला पाच मिनिटांची मर्यादा, प्रत्येक बंदरासाठी थांबवायची वेगळी सोय, आणि पावसाळ्यानंतर मुखांची खोली नव्यानं मोजल्याशिवाय यंत्रणा सुरू करायची नाही. नव्या शासन निर्णयात पूर्णगडचं नाव नव्हतं, योगिनीचं नव्हतं, विठूचंही नव्हतं. देवरुखच्या कचेरीत एका दुपारी तिनं तो उभ्या उभ्या वाचला आणि टेबलावर ठेवला.

त्याच आठवड्यात रत्नागिरीहून फोन आला. नवी मंजुरी अधिकारी, वेदिका शिवलकर. तिशीच्या आतली असावी.

"मॅडम, मी उद्यापासून खुर्चीत बसतेय. एक विचारू? त्या दिवशी सूचना गेल्यापासून बटण दाबेपर्यंत तुम्हाला चोवीस मिनिटं लागली. अहवालात आहे."

"हो."

"आता आम्हाला पाच आहेत. म्हणजे... चोवीस जास्त होती का? तुम्ही आधी दाबलं असतं तर 'नवलाई' वाऱ्याच्या आधी आत आली असती?"

योगिनी खिडकीपाशी गेली. हा प्रश्न तिला समितीनं विचारला नव्हता. आनंदीबाईनंही नाही. रोज तो ती स्वतःलाच विचारत होती.

"वीस मिनिटं आधी दाबलं असतं तर कदाचित आली असती," ती म्हणाली. "पण तेव्हा मी लवूकाकाला विचारलेलं नव्हतं. विचारल्याशिवाय दाबलं असतं तर तो नुसता माझा अंदाज होता. आणि माझे अंदाज नऊपैकी सातदा चुकले होते."

 पलीकडून पेनाचा आवाज येत होता, वेदिका लिहून घेत असावी.

"लिहू नकोस," योगिनी म्हणाली. "यातलं काही लिहून कामाला येणार नाही. एक काम कर. उद्या खुर्चीत बसायच्या आधी जेटीवर जा. तांडेलांना भेट, नाव सांग. ते शिव्या देतील, ऐकून घे. त्यांना तुझा आवाज ओळखता आला पाहिजे."